फलाट सहासष्ट

आमचा दादा जाऊन आता वर्ष होईल. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "फार कमी बोलायचे हो ते," आणि मला राग येतो. दादा कमी बोलायचा हे साफ खोटं आहे. तो जेवताना बोलायचा, दाढी करताना बोलायचा, मी दिवा मालवला तरी दारात उभा राहून बोलायचा. कम्पायलर आज काय म्हणाला, कुठल्या ओळीवर अडून बसला, मग याने त्याची समजूत कशी काढली. मनातलं काही असलं की मात्र मूग गिळून गप्प. आई म्हणायची, "याच्या पोटातलं ओठावर यायला याला दुसरा जन्म घ्यावा लागेल."

दादा बोर्डांचे प्रोग्राम लिहायचा. बँकेत टोकनचा नंबर दाखवणारा बोर्ड असतो, लिफ्टमध्ये मजल्याचा असतो, दवाखान्यात आता कुणी आत जायचं ते सांगणारा असतो, तसले बोर्ड आमचे मालक बनवायचे. रंगांच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत सगळा कारखाना. खालून दिवसभर टर्पेंटाइनचा वास वर यायचा आणि नव्या माणसाचं पहिले काही दिवस डोकं दुखायचं. पुढच्या खोलीत मी. फोन घ्यायचे, पार्सलं बांधायचे, मालकांचा पारा चढलेला असला की कुणाला आत सोडायचं नाही हे बघायचे. मधल्या खोलीत सोल्डरिंग चालायचं. शेवटच्या खोलीत खिडकीकडे पाठ करून दादा. खिडकीकडे तोंड केलं की लक्ष उडतं, असं त्याचं म्हणणं. मला वाटतं, खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या बायका दिसायच्या आणि त्यांनी याच्याकडे बघून हात केला तर काय करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं.

त्याची भाषा कम्पाइल होणारी होती. म्हणजे प्रोग्राम चालायला लागण्याआधी कम्पायलर तो अथपासून इतिपर्यंत वाचून काढतो, आणि कुठे खोट दिसली की पुढे जाऊच देत नाही. दादाला हे फार आवडायचं. आईसारखाच आहे म्हणायचा, कुरकुरतो, पण वेळेवर कुरकुरतो. कम्पायलर कुरकुरला नाही म्हणजे काम चोख झालं, अशी त्याची पक्की श्रद्धा होती. देवळाच्या पायऱ्या तो कधी चढला नाही, पण ही श्रद्धा मात्र होती.

सगळ्या बोर्डांना लागणारी काही कामं सारखीच असतात. अक्षर दाखव, वेळ दाखव. ती दर वेळी नव्याने कोण लिहीत बसणार? म्हणून दादाने ती एकदाच नीट लिहून त्यांचं गाठोडं बांधून ठेवलं होतं. बोर्ड कुठलाही असो, त्याच्या प्रोग्रामात एक ओळ लिहायची की गाठोडं आत येतं. त्या धंद्यात याला मिक्सिन म्हणतात. दादा त्याला शिदोरी म्हणायचा, आणि मग मालकांपासून सोल्डरिंगवाल्यांपर्यंत सगळेच शिदोरी म्हणायला लागले. मालक तर गिऱ्हाइकांनाही सांगायचे, "आमच्या बोर्डात शिदोरी आहे." गिऱ्हाईक बिचारं बोर्डाच्या मागे डोकावून बघायचं.

गंमत म्हणजे शिदोरीतल्या सगळ्या कामांचं नाव एकच होतं, 'दाखव'. मी एकदा जेवताना विचारलं, "सगळ्यांचं नाव एकच, मग गोंधळ नाही होत?"

"'उघड' म्हटलं की दार वेगळं उघडतं, डबा वेगळा उघडतो, छत्री वेगळी," दादा म्हणाला. "शब्द तोच. हातात काय दिलंय ते बघून आपल्याला कळतं ना? तसं कम्पायलरला कळतं. अक्षर दिलं तर अक्षराचा 'दाखव' धावतो, वेळ दिली तर वेळेचा. याला ओव्हरलोडिंग म्हणतात."

"आणि तोंड उघड म्हटलं तर?" मी म्हटलं. "तुझ्यात तो प्रकार लिहायचा राहिलाय वाटतं."

आई हसली. दादा पाण्याचा तांब्या शोधायला लागला, जो त्याच्या समोरच होता.

मला असं बोलायला कारण होतं. बस स्टँडचे बोर्ड आमच्याकडे आल्यापासून दादाचं लक्षण ठीक नव्हतं. स्टँडच्या मधोमध काचेची एक खोली होती, चौकशीची. तिथे एक बाई माइकसमोर बसून दिवसभर गाड्या पुकारायच्या. गावात निम्म्या लोकांनी त्यांचा चेहरा पाहिलेला नव्हता, पण आवाज सगळ्यांना पाठ. स्वच्छ, न घाई करणारा आवाज. गाडी चुकली तरी त्या आवाजात ऐकलं की माणूस निम्मा शांत व्हायचा. बोर्डांचा कॉम्प्युटर ठेवायला स्टँडवर दुसरी जागा नव्हती म्हणून तो त्यांच्याच टेबलाच्या कडेला ठेवला होता, आणि बोर्ड उत्तम चालत असतानाही दादा तीन वर्षं दर आठवड्याला तो बघायला जायचा. आमचे लिफ्टचे बोर्ड मेले होते तरी त्यांच्याकडे बघायला तो इतक्या तत्परतेने कधी गेला नाही.

तिथे जाऊन बोलायचा काय? मी एकदा बरोबर गेले तेव्हा ऐकलं.

"बोर्ड ठीक चाललाय ना?" दादाने विचारलं.

"बोर्ड मजेत आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही कसे आहात?"

"काही तक्रार नाही ना त्याची?"

"नाही हो. तुमची आहे का काही?"

दादा कानापर्यंत लाल झाला आणि खुर्चीखाली वायर तपासायला वाकला. बाईंनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. त्या क्षणी मला त्या आवडल्या.

पण झालं असं की बोर्ड जसजसे वाढले तसतशी पुकारायची गरज कमी होत गेली. लोक वर बघायला शिकले. मग स्टँडच्या मागे नवी शेड झाली. जुने फलाट ए, बी, सी, डी होते. नव्या शेडला आगारप्रमुखांनी एक, दोन, तीन, चार असे नंबर दिले. का, ते त्यांनाच ठाऊक. तिथेही बोर्ड लागायचे ठरले, आणि ते लागले की चौकशीच्या खोलीत माणूस ठेवायचं कारण उरणार नव्हतं. बाईंची बदली दुसऱ्या गावच्या आगारात झाली. म्हणजे ज्या बोर्डाच्या निमित्ताने दादा त्यांना भेटायचा त्याच बोर्डाने त्यांना गावातून हलवलं. दादाला हे मालकांकडून कळलं. त्या दिवशी घरी आला आणि जेवताना एक शब्द बोलला नाही. आईने मला खुणेने विचारलं, कम्पायलर मेला का याचा?

मी त्याला स्पष्ट म्हटलं, "त्या जायच्या आत बोल. एक वाक्य बोल."

"त्यांना कळलं असेल," दादा म्हणाला. "कळत असतं माणसाला."

"आणि नसेल कळलं तर?"

"कळतं," तो म्हणाला आणि नव्या शेडचं काम करायला बसला.

बाईंचा शेवटचा दिवस उजाडला त्याच सकाळी नवी शेड सुरू झाली. मी पर्स खुंटीला अडकवते न अडकवते तोच फोन वाजला. आगारप्रमुख होते. "तुमच्या बोर्डावर काय लिहिलंय ते वाचून दाखवू का?" ते म्हणाले. "फलाट सहासष्ट. आमच्याकडे फलाट आठ आहेत."

मालकांनी दादाला पाठवलं आणि मलाही बरोबर दिलं. "आगारप्रमुखांना तू सांभाळ," ते मला म्हणाले. "याला सोडलं तर हा त्यांना कम्पायलर समजावत बसेल."

स्टँडवर नुसता सावळागोंधळ होता. नव्या शेडमधले एक ते चार अगदी ठणठणीत दिसत होते. जुन्या बाजूला मात्र ए, बी, सी, डी नाहीसे होऊन त्यांच्या जागी पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट. एक जाडजूड गृहस्थ मोठी ट्रंक ओढत झाडूवाल्याला विचारत होते, "सदुसष्ट म्हणजे बरंच लांब असेल नाही?" एक म्हातारबाबा चौथ्या फलाटाच्या पुढे भिंत लागली तरी तिच्या पलीकडे वाट शोधत होते. कालचाच प्रोग्राम परत टाकावा तर त्याला नवी शेड माहीतच नव्हती, आणि अर्ध्या गाड्या तिकडे हलवलेल्या. तेव्हा एकच उपाय होता. काचेच्या खोलीतून बाई एकामागून एक गाडी पुकारत होत्या, आणि त्या आवाजाच्या मागे लोक बरोबर आपापल्या फलाटाला लागत होते.

"या," दादाला बघून त्या म्हणाल्या. "शेवटच्या दिवशी आरामात चहा प्यायचा असं ठरवलं होतं मी. तुमच्या बोर्डाने ते काही होऊ दिलं नाही."

दादाने खुर्ची ओढली आणि प्रोग्राम उघडला. मी शेजारी स्टुलावर. बाईंची दुसरी गाडी पुकारून व्हायच्या आत दादाचा चेहरा उतरला. त्याला सापडलं होतं. त्याने हळू आवाजात मला सांगितलं, आणि त्याला किती वाईट वाटत होतं ते मला त्याच्या आवाजावरून कळलं, कारण चूक त्याची स्वतःची होती.

नव्या शेडसाठी नंबर दाखवायचा होता. शिदोरीत नंबराचा 'दाखव' नव्हता. म्हणून दादाने फलाटाच्या प्रोग्रामातच एक नवा 'दाखव' लिहिला, नंबराचा. त्याचा हिशेब सरळ होता. एका नावाचे अनेक जण सुखाने नांदतात. अक्षराचा शिदोरीत आहे, नंबराचा घरात लिहिला, दोघं मिळून मिसळून राहतील. पण त्या भाषेचा कायदा वेगळा निघाला.

"घरात स्वयंपाक झालेला असला की शिदोरी कुणी सोडत नाही ना, तसं आहे हे," तो म्हणाला. "घरात 'दाखव' नावाचं काहीच नसतं तर कम्पायलरने शिदोरी उघडली असती. आता घरात एक आहे. मग तो शिदोरीकडे बघतच नाही. सगळं त्या एकालाच वाढतो."

"पण अक्षर दिल्यावर नंबरवाला ओरडायला नको?"

"तेच तर. यंत्राच्या पोटात अक्षर म्हणजे नंबरच असतो. बी म्हणजे सहासष्ट. त्याला अक्षर दिलं, त्याने मुकाट्याने नंबर म्हणून घेतलं. कुणी कुरकुरलंच नाही रे." मला तो गडबडला की 'रे' म्हणायचा. "आणि मी तपासताना फक्त नवी शेड बघितली. जुने फलाट तीन वर्षं चालताहेत, ते काय बघायचे, म्हटलं."

"उपाय काय मग?"

"एक ओळ. शिदोरीतलेही 'दाखव' आमचेच आहेत, हाक आली की त्यांनाही धरा, असं स्पष्ट लिहून सांगायचं. नुसती शिदोरी आणून भागत नाही."

त्याने ती ओळ लिहिली. माझ्या डोळ्यांदेखत लिहिली. आता एक बटण दाबायचं, कम्पायलरने वाचायचं आणि बोर्ड ताळ्यावर यायचे, एवढंच उरलं होतं.

"मग दाब ना," मी म्हटलं.

दादाने बटणाकडे बघितलं. तेवढ्यात बाईंनी माइक ओढला आणि फलाट बीवरची गाडी पुकारली. दादाचं बोट बटणावरून खाली आलं आणि मांडीवर जाऊन बसलं.

"तपासतो जरा," तो म्हणाला.

मला वाटलं, खरंच तपासतोय. पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मी आगारप्रमुखांकडे गेले, त्यांचा राग ऐकून घेतला, परत आले. दादा तसाच बसलेला. स्क्रीनवर तीच ओळ. मी कॅन्टीनमधून खायला आणलं. तीच ओळ. आगारप्रमुख दारातून डोकावले, "काय, सापडतंय का?" आणि जन्मात खोटं न बोललेला आमचा दादा म्हणाला, "बघतोय." बघतच होता म्हणा तो. फक्त स्क्रीनकडे नाही.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बोर्ड ताळ्यावर आले की बाईंचं काम संपलं. त्या चहा पिणार, पर्स उचलणार आणि जाणार. बोर्ड बिघडलेले आहेत तोवर त्या इथे आहेत, हाताच्या अंतरावर, आणि बोलताहेत. त्यांचा तो शेवटचा दिवस हा माणूस बोट मांडीवर ठेवून ऐकत होता.

मध्ये एकदा वेळापत्रक बघायला बाई त्याच्या खांद्यावरून वाकल्या. स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "हे सगळं कळतं तुम्हाला?"

"हो."

"मग अडलंय कुठे?"

"एका ओळीवर," तो म्हणाला.

मी स्टुलावरून उठून बाहेर गेले. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही त्यांच्यासमोर करण्याजोगं नव्हतं. थोड्या वेळाने दादा माझ्यामागे आला. नळावर तोंड धुतलं.

"छोटे, हे कुणाला सांगायचं नाही," तो म्हणाला. "लोक सैरावैरा धावताहेत आणि मी दुरुस्ती हातात घेऊन बसलोय. लाज वाटते मला."

"लाज वाटते तर दाब."

"हो," तो म्हणाला. आत गेला आणि परत तसाच बसला.

लोकांचं म्हणाल तर त्यांचं तसं काही अडलं नाही. बाईंनी एकही गाडी कुणाला चुकू दिली नाही. पण संध्याकाळची गर्दी झाली, गाड्यांमागून गाड्या लागल्या, आणि सकाळपासून विसावा न मिळालेला तो आवाज फाटायला लागला. त्या पाणी पीत, खाकरत, पुन्हा माइक ओढत. शेवटी एका गाडीला त्या 'फलाट' म्हणाल्या आणि पुढचं अक्षर त्यांच्या घशातून आलंच नाही. नुसती हवा आली. त्यांनी हात गळ्याला लावला.

दादाने बटण दाबलं. मागे-पुढे काही बघितलं नाही. बोर्ड एकदा काळे झाले आणि ए, बी, सी, डी जागच्या जागी आले. बाहेर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आगारप्रमुखांनी येऊन दादाची पाठ थोपटली, तेव्हा त्याने असं तोंड केलं की जणू त्याला मारलं.

"सुटले," बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या आणि खुर्चीत मागे टेकल्या. थोड्या वेळाने त्यांनी उशी, पाण्याची बाटली आणि भिंतीवरचा आरसा बॅगेत भरला. त्यांची स्वतःची गाडी बीवरच लागणार होती.

दादाने बॅग उचलली. मी खांबाआड उभी राहिले, पण कान काही मी घरी ठेवून आले नव्हते. गाडीच्या पायरीवर चढून बाई वळल्या.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. आवाज पार बसलेला. "तुम्ही मुद्दाम केलंत का हे? आज माझा शेवटचा दिवस म्हणून?"

ही संधी देवानेच पाठवली होती. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. नुसतं हसला असता तरी चाललं असतं. दादा म्हणाला, "छे, छे. मुद्दाम कसं करीन? त्याचं असं झालं, शिदोरी म्हणून एक प्रकार असतो," आणि त्याने सुरुवात केली. नंबराचा 'दाखव' घरात, अक्षराचा शिदोरीत, कम्पायलर शिदोरी सोडत नाही. ड्रायव्हरने हॉर्न दिला. दादा ओव्हरलोडिंगवर आला. ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला. मी खांबावर डोकं आपटायचंच बाकी ठेवलं होतं.

बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "मला नीटसं कळलं नाही. रविवारी सकाळी इथून पहिली गाडी तिकडे येते. येऊन समजावून सांगाल?"

दादा गेला. पुढच्या रविवारी गेला, त्याच्या पुढच्याही गेला. परत आला की आई विचारायची, "कळलं का रे त्यांना?" आणि हा आपला गंभीरपणे म्हणायचा, "अजून थोडं राहिलंय." उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दादाचे रविवार त्या गाडीत गेले. शेवटी आईच एका रविवारी त्याच्याबरोबर गाडीत बसली आणि लग्न ठरवून आली. तेही आईनेच विचारलं. दादा त्या वेळी म्हणे स्वयंपाकघरात पंख्याची वायर बघत होता.

लग्नानंतर तो त्या गावी राहायला गेला. प्रोग्राम तिथूनच लिहून पाठवायचा. त्याचा संसार चांगला झाला, मी साक्षीला आहे. वहिनींनी उरलेली नोकरी तिकिटांच्या खिडकीत केली. त्या दिवशी बसलेला घसा उघडला, पण आवाजाला एक बारीकशी चीर राहिली ती राहिलीच, आणि दादा त्यांना कधी मोठ्याने हाक मारू द्यायचा नाही. स्वतः उठून जायचा. वहिनी चारचौघांत त्याची थट्टा करायच्या, "यांनी माझ्यासाठी अख्खा स्टँड बंद पाडला होता." दादा उसळायचा. "मी? चालत्या प्रोग्रामात मुद्दाम चूक करीन?" आणि मग पाहुण्यांना शिदोरीचा कायदा पहिल्यापासून समजावायचा. आमच्या नात्यातल्या निम्म्या लोकांना मिक्सिन म्हणजे काय ते ठाऊक आहे. बारशाला आलेले लोक ओव्हरलोडिंग शिकून घरी गेले आहेत. वहिनी ऐकत बसायच्या, पदर तोंडाला लावून.

मालक गेले, रंगांचं दुकान गेलं. आता स्टँडवर लोक वर बघतच नाहीत, हातातल्या फोनमध्ये बघतात. मी परवा तिथून गेले तर आमच्या बोर्डांच्या जागी भिंतीवर नुसते चौकोन होते, बाकीच्या भिंतीपेक्षा स्वच्छ. मला तिथे जरा वेळ बसावंसं वाटलं, पण बाकं सगळी भरलेली होती.

मागच्या आठवड्यात वहिनी माझ्याकडे राहायला आल्या. दुपारी आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो होतो. बोलता बोलता त्यांचे हात थांबले.

"वन्सं, एक विचारते. खरं सांगा," त्या म्हणाल्या. "तो बोर्ड त्यांनी मुद्दाम बिघडवला होता ना?"

मी परातीतली आणखी एक शेंग उचलली.

"सबंध आयुष्यात मला तोंडाने काही म्हणाले नाहीत ते," वहिनी म्हणाल्या. "केलं सगळं. म्हणाले काही नाही. मी आपली धरून बसले होते की बोर्ड बिघडवला तेच त्यांचं म्हणणं. ते नाही म्हणायचे, तर मला वाटायचं लाजताहेत. आता ते नाहीत. तुम्ही त्या दिवशी शेजारी होतात. मला उगाच बरं वाटावं म्हणून सांगू नका."

'हो' म्हणणं किती सोपं होतं. पण दादाने जो शब्द जन्मभर खोटा म्हणून तोंडातून काढला नाही तो त्याच्या माघारी मी कसा काढू? आणि खरं सांगायचं म्हटलं तर 'कुणाला सांगायचं नाही' हे दादाने नळावर बजावलेलं मोडावं लागणार होतं. मी त्याची मनातल्या मनात माफी मागितली.

"चूक मुद्दाम नव्हती, वहिनी," मी म्हटलं. "ती खरीच चूक होती. पण ती त्याला सकाळीच सापडली होती. तुमची दुसरी गाडी पुकारून व्हायच्या आत. दुरुस्ती पण लिहून झाली होती. नुसतं बटण दाबायचं होतं. तो दिवसभर ते न दाबता तुम्हाला ऐकत बसला होता."

वहिनींनी हातातली शेंग परातीत टाकली.

"म्हणजे माझा घसा बसला तेव्हा..."

"तेव्हाच दाबलं त्याने."

त्यांचा हात गळ्याशी गेला. दादा गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आता त्या रडल्या, आवाज न करता, बराच वेळ, आणि मीही रडले. शेंगांची परात आमच्या मध्ये तशीच होती. मग त्यांनी डोळे पुसले आणि एकदम लहान मुलीसारखं हसू त्यांच्या तोंडावर आलं.

"मग आता माझंही ऐका," त्या म्हणाल्या. "ती शिदोरी मला त्या दिवशी गाडीच्या पायरीवरच कळली होती."